पिवळीवाली बोलली तो दिवस

केबल बंद करायची असेल तर माणसानं केबलवाल्याला फोन करावा. मी सुरी घेऊन गच्चीवर गेलो.

सीमाभागातल्या आमच्या वडगावच्या गल्लीत गच्च्यांवरून इतक्या काळ्या वायरी जातात, की वर बघितलं तर मागावर सूत गुंतल्यासारखं आभाळ दिसतं. त्यातली आमची कुठली हे मला पक्कं माहीत होतं. पक्कं माहीत असणं हा माझा जुना आजार आहे. एक वायर धरली, ताणली, कचकन कापली आणि गड जिंकल्यासारखा खाली आलो. खाली आमच्या टीव्हीवर साबणाची जाहिरात छान चालू होती.

पाच मिनिटांत समोरच्या काकू दारात.

"माझा टीव्ही निळा पडलाय बघ रं. तुमचा पण पडलाय व्हय?"

"न्हाय काकू," मी म्हणालो आणि सुरी पाठीमागं धरली. बायकोनं ती मागून अलगद काढून घेतली.

"कांदा चिरायचाय," ती म्हणाली. "अजून कुणाचं काय कापायचं ऱ्हायलं नसलं तर."

केबलवाला दोन दिवसांनी उगवला. शाळेत तो माझ्याच बाकावर बसायचा, त्यामुळं मला शिव्या द्यायचा त्याला पूर्ण अधिकार आहे आणि तो त्यानं वापरला. काकूंची वायर जोडली, मग आमची सोडवली, टीव्हीखालचा डबा काढून पिशवीत घातला. ते दोन दिवस काकू फार हिरमुसल्या होत्या. "माझे दोन भाग चुकले," एवढंच म्हणत होत्या. मला नवल वाटलं, कारण त्यांची मालिका तर दुपारी आमच्याच घरात लागायची आणि त्या आमच्याच घरात असायच्या. पण गुन्हेगारानं जास्त चौकशा करू नयेत म्हणून गप्प बसलो.

जाताना केबलवाला म्हणाला, "आक्कास्नी इच्यारलास काय?"

"आक्कासाठीच करतोय की."

"व्हय, पण इच्यारलास काय?"

मी त्याला अजून अर्धा कप चहा घेणार का म्हणून विचारलं.

आक्का म्हणजे माझी आई. पाठच्या चार भावांची ती आक्का. त्यांचं ऐकून आम्ही पोरंही आक्काच म्हणायला लागलो आणि मग सगळी गल्ली. आमच्या मागच्या सोप्यात चार पॉवरलूम आहेत. सकाळी माग सुरू झाले की घरात बोलणं बंद. खडखडाट असा की भांडण करायचं असलं तरी लोक रस्त्यावर जातात. मग खुणांवर चालतं. मूठ तोंडाशी नेली की चहा. हात आडवा हलवला की सूत तुटलं. कानाजवळ दोन बोटं फिरवली की समजायचं, ह्यानं परत काहीतरी घोळ घातलाय. ही शेवटची खूण आमच्या घरात सगळ्यात जास्त चालते आणि बहुतेक वेळा ती माझ्याकडं बघूनच केली जाते.

मधल्या खोलीत कांड्या भरायचं यंत्र आहे. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची गुंडाळी. दुपारी तिथं तिघी असतात. आक्का, माझी बायको आणि समोरच्या काकू. काकूंची पोरं बेंगळूरला नोकरीला गेलीत, घरात माग नाहीत, माणूस नाही. जेवण झालं की दाराला कडी घालून त्या आमच्याकडं येतात. त्यांच्या घरची भाषा कन्नड. त्या माझ्या आईला आक्का म्हणतात आणि आई त्यांना तंगी म्हणते. कन्नडात तंगी म्हणजे धाकटी बहीण. आणि आमच्याकडं बायकाही स्वतःबद्दल बोलताना 'मी जातो, मी बघतो' असंच म्हणतात.

टीव्ही त्याच खोलीत, आक्काच्या बरोबर समोर भिंतीवर. बाकी दोघींची पाठ टीव्हीकडं, कारण यंत्र तसंच बसतं. आक्काच्या हातांना कांड्या भरायला डोळे लागत नाहीत, त्यामुळं डोळे रिकामे असतात. रोज दुपारी तीन वाजता एक कन्नड मालिका लागायची. रात्री झालेला भाग दुपारी परत दाखवायचे. आक्काला कन्नड चांगलं येतं. पण चार मागांपुढं ऐकू काय येणार? तिनं ती मालिका तीन वर्षं नुसती बघितली. साडेतीनला चहासाठी माग थांबायचे आणि त्या पंधरा मिनिटांत आक्का आजचा भाग सांगायची.

ऐकू न आल्यामुळं नावं कुणाचीच माहीत नव्हती. ती तिनं ठेवली. पिवळीवाली, मिशीवाला, नवी सून, चावीवाली म्हातारी. पिवळीवाली ही मिशीवाल्याची थोरली बहीण. बाप लवकर गेला, हिनं शाळा सोडली, अंगावरचं सोनं मोडलं आणि भावाला मोठं केलं. आता भाऊ बंगल्यात राहतोय आणि नवी सून आल्यापासून पिवळीवालीला घरात किंमत नाही. चावीवाली म्हातारी म्हणजे सुनेच्या माहेरची, घर गिळायला येऊन बसलेली.

एकदा पिवळीवालीनं दुधात कसलीशी पूड टाकली. चहाच्या वेळेला आक्का म्हणाली, "भावाला खोकला झालाय. हळद घालून दूध दिली बिचारीनं. आणि ती सून आली, गिलास हिसकावून घेतली आणि वतून टाकली! दुसऱ्याची माया बघवत न्हाय एकेकाला."

"अय्यो, कसली गं ही सून!" काकूंनी कपाळावर हात मारला.

मीसुद्धा मागाला तेल घालता घालता त्या सुनेला दोन दिवस शिव्या दिल्या.

अशा घरात मी सुधारणा आणायची ठरवली. केबल काढून टीव्ही इंटरनेटला जोडला, ऑनलाइन घेतलं, की कुठलाही भाग कधीही बघता येतो. माग बंद असतात त्या सुट्टीच्या दिवशीसुद्धा. म्हणजे तीन वर्षं मुकी राहिलेली मालिका आक्का कानांनी ऐकेल! विचार चांगला होता. माझ्या सगळ्या घोटाळ्यांमागं चांगलाच विचार असतो, हे बायकोला अजून पटलेलं नाही.

नोंदणी करताना रिमोटनं एकेक अक्षर वेचत पासवर्ड घातला. तीनदा चुकला. चौथ्यांदा बरोबर आला तेव्हा घरातली दुपारची कामं उरकली होती आणि गल्लीत भाजीवालाही येऊन गेला होता. आक्काला म्हटलं, "वर्षाची वर्गणी भरली बघ."

"वर्गणी? मग आरती किती वाजता?"

तेवढ्यात पडद्यावर गोल गोल तोंडं आली आणि वर प्रश्न आला, कोण बघतंय? मी तो मोठ्यानं वाचून दाखवला.

"मी बघतोय की," आक्का म्हणाली. "त्याला दिसत न्हाय व्हय?"

सुट्टीच्या दिवशी मी चटई टाकली, बायकोला भजी करायला लावली आणि काकूंना मुद्दाम बोलावून आणलं. काकू यायला तयार नव्हत्या. "कशाला रं ते, सुट्टीच्या दिवशी?" असं दोनतीनदा म्हणाल्या. मी हाताला धरून आणलं. तिघींची तोंडं टीव्हीकडं करून बसवलं आणि आवाज चांगला मोठा केला.

आधी गाणं लागलं. आक्का खूष. "गाणं पण हाय व्हय हिला?"

मग पिवळीवाली बोलली.

तिचा आवाज जाडा होता. आक्काच्या कपाळाला एक आठी पडली, तेवढीच. पिवळीवाली फोनवर कुणाला तरी सांगत होती, की म्हातारीला खोलीत कोंडलंय, सुनेचा काटा उद्या निघेल, मग हे घर आपलं. ती मिशीवाल्याची बहीण नव्हती. त्याच्या बापाच्या दुकानात कामाला म्हणून आली होती आणि घरात शिरली होती. चावीवाली म्हातारी मिशीवाल्याची सख्खी आई निघाली. आणि मालिकावाल्यांना मागचं परत परत दाखवायची हौस, त्यामुळं ते दूधही आलं. नवी सून रडत नवऱ्याला सांगत होती, मी त्या दिवशी ग्लास सांडला नसता तर तुम्ही आज नसता.

खोलीतल्या चौघांनाही कन्नड कळत होतं. तरी मी ओरडलो, "आक्का! ती हळद नव्हती गं, इष होतं इष!" आणि हसलो. लिहिताना हे गाळता आलं असतं. पण हसलो, आणि चांगला मांडीवर थाप मारून हसलो.

माझ्याबरोबर कुणीच हसलं नाही. काकू चटईची काडी उपसत बसल्या होत्या. आक्का उठली. "भजी गार झाली," म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली. परत बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं आपलं स्टूल मागच्या भिंतीकडं फिरवलं. आता तिघींचीही पाठ टीव्हीकडं. साडेतीनला माग थांबले, चहा आला आणि खोलीत फक्त चहा प्यायचा आवाज. काकू एकदा म्हणाल्या, "आक्का, काय तरी सांग की." आक्का म्हणाली, "काय सांगायचं? सगळ्यास्नी ऐकू येतंय आता."

मी उपाय सुरू केले. देवादिकांचं काहीतरी लावलं. स्वयंपाकाचं लावलं. माकडांचं लावलं. आक्का बघून न बघितल्यासारखं करायची. शेवटी एका संध्याकाळी माग बंद झाल्यावर मी बायकोला म्हटलं, एका सीरियलसाठी एवढं काय मनाला लावून घ्यायचं?

तिनं कांडी खाली ठेवली. "पिवळीवाली कोण व्हती, कळलं काय तुमास्नी?"

"कामाला आलेली बाई. इष घालणारी."

"ती टीव्हीतली. आक्कांची कोण व्हती? तुमच्या मामांची शिक्षणं कुणी केली?"

आमचे आजोबा, म्हणजे आक्काचे वडील, गेल्यावर आक्का शाळा सोडून मागावर बसली. तिच्या लग्नातल्या पाटल्या धाकट्या मामाच्या इंजिनिअरिंगच्या वेळेला गेल्या, त्या परत आल्या नाहीत आणि त्यांचं नावही कुणी घरात काढलं नाही. मामा चांगले आहेत. दिवाळीला फोन करतात. माझ्यासारख्या बीकॉम झालेल्या माणसाला एवढी साधी बेरीज तीन वर्षं सुटली नव्हती. निपाणीहून लग्न होऊन आलेल्या बाईनं ती कांड्या भरता भरता केली होती.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, माग सुरू व्हायच्या आधी, मी काकूंच्या घरी गेलो. म्हटलं, तुम्हीच समजवा आक्काला. काकूंनी मला आत बसवलं, पाण्याचा तांब्या दिला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मला सगळं ठाऊक व्हतं रं."

"काय?"

"मी रोज रात्री घरात आवाज लावून बघतो की. पहिल्यापास्नं. ती बाई इषारीच हाय."

तेव्हा कुठं ते चुकलेले दोन भाग माझ्या डोक्यात शिरले. "मग दुपारी आमच्याकडं तीन वर्षं काय ऐकत होता तुम्ही?"

"ती टीव्हीतली इषारी हाय, तिला काय बघायचं? रात्री बघून जीव कडू व्हायचा. दुपारी आक्का तिला सरळ करून द्यायची." मग म्हणाल्या, "आक्काला सांगू नको हं हे. इल्ला, अजिबात न्हाय."

मी मान हलवली, रस्ता ओलांडला आणि आक्काला सांगितलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल. आपली गोष्ट खऱ्यापेक्षा चांगली होती, हे ऐकून कुणाला बरं वाटणार नाही?

आक्काला नाही वाटलं. तिचं तोंड एवढंसं झालं. "म्हंजे तिला म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "मी आपला यड्यासारखा सांगत बसलो आणि ती अय्यो अय्यो करत माझी कीव करत बसली. तीन वर्सं."

"कीव न्हाय गं आक्का..."

"तू गप."

त्या दुपारी काकू आल्या तेव्हा आक्कानं त्यांना दारातच सांगितलं, आज सूत कमी आहे, काम नाही. सुताची पोती दारातच पडली होती. काकूंनी पोत्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि त्या परत गेल्या. समोरच्या दाराची कडी वाजली ती मागांच्या आवाजातही मला ऐकू आली. निदान ऐकू आल्यासारखी वाटली. पुढचे आठ-दहा दिवस त्या फिरकल्या नाहीत. आक्का दुपारी दोनदा-तीनदा उठून दारापर्यंत जायची आणि "ऊन किती पडलंय" म्हणून परत यायची. ढगाळ होतं तेव्हाही तेच म्हणायची.

माझी बायको माझ्याशी खुणांनीसुद्धा बोलेनाशी झाली.

मग मी निदान ती कन्नड मालिका पडद्यावरून पुसून टाकायची ठरवलं. ती कशी पुसायची हे शोधत रिमोट दाबत होतो. चौकट भलतीकडंच पळत होती. इतक्यात सोप्यातून कामगारानं हात आडवा हलवला, सूत तुटलं होतं. मी रिमोट जमिनीवर टाकून पळालो. बायकोनं सुताचं पोतं ओढून नेमकं त्याच्यावर ठेवलं. कुठलं बटण दाबलं गेलं देव जाणे. मी परत आलो तेव्हा टीव्हीवर एक गोरीपान, बारीक डोळ्यांची पोरगी वाडग्यातून शेवया खात होती आणि शेवया खाता खाता रडत होती.

मी रिमोट शोधू लागलो. पोतं उचलणार, तर बायकोनं माझा हात धरला आणि डोळ्यांनी स्टुलाकडं दाखवलं. आक्काचं स्टूल भिंतीपासून थोडंसं फिरलं होतं. हात चालूच होते. जरा वेळानं ते अजून थोडं फिरलं. पडद्यावर एक टोपीवाला म्हातारा त्या पोरीच्या समोर येऊन बसला आणि त्यानं आपल्या वाडग्यातलं अंडं तिच्या वाडग्यात टाकलं. आक्काचे हात थांबले. यंत्र रिकामंच फिरत राहिलं. असं मी कधी बघितलं नव्हतं.

साडेतीनला माग थांबले आणि ती परकी भाषा एकदम खोलीभर झाली.

"कुठली रं ही बोली?" आक्कानं विचारलं.

"कोरियाची."

"तुला येती?"

"न्हाय."

"हिला?"

"मला कुठली, आक्का?" बायको म्हणाली.

"आणि खाली ते काय लिवलंय?"

खाली इंग्रजीत सगळं येत होतं. मी वाचलं होतं. तो म्हातारा तिचा कोण, ती का रडतेय, सगळं तिथं लिहिलेलं होतं. मी तोंड उघडलं. बायकोनं कानाजवळ दोन बोटं नेली.

"दिसत न्हाय गं," मी म्हणालो. "चष्मा आत ऱ्हायलाय."

आक्कानं पदरानं हात पुसले, उठली आणि दारात गेली. ह्या वेळी उन्हाबद्दल काही बोलली नाही. रस्त्यापलीकडं हाक मारली, "तंगी! ए तंगी!"

समोरचं दार लगेच उघडलं. काकू दाराच्या आतच उभ्या असाव्यात.

"कोरियाची भाषा येती काय तुला?"

"काय?"

"कोरियाची. येती काय न्हाय, खरं सांग."

"न्हाय गं आक्का. आईची आण, न्हाय."

"तुझ्या टीव्हीवर दिसतंय काय हे?"

"माझ्याकडं तीच जुनी केबल हाय की. ह्येनं तोडलेली."

आक्का दारातून बाजूला सरली. "मग ये. सूत आलंय."

काकू चपलाही न घालता रस्ता ओलांडून आल्या आणि आपल्या जागेवर, टीव्हीकडं पाठ करून बसल्या. बायकोनं त्यांच्या हातात चहा दिला. आक्कानं स्टूल नीट पडद्याकडं ओढलं आणि घसा साफ केला.

"ही शेवयावाली," ती म्हणाली. "पोरगी लई अभिमानी हाय. उपाशी ऱ्हाईल, पण मागणार न्हाय. आज त्या टोपीवाल्यानं न मागता आपल्या ताटातलं दिलं, म्हनून रडती."

"टोपीवाला तिचा बाप व्हय?"

"न्हाय."

"मग कोण?"

"आज कुठं कळतंय? बघावं लागंल."

काकूंनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. चहाची वेळ संपली होती, सोप्यातून कामगार माझ्याकडं बघत होता, सुरू करू का म्हणून. मी त्याला थांब म्हणून हात केला.

"अंदाजानं सांग की गं," काकू म्हणाल्या. "रात्रभर मी काय करू?"